पाठीवरचें बिऱ्हाड

'वरची कमाई' या शब्दांना मराठींत जी दुर्गंधि चिकटली आहे तिनें आमच्यासारख्यांची मोठी अडचण करून ठेविली आहे. पगाराखेरीज जें हातीं येतें तें टेबलाखालूनच येतें, अशी आपल्या समाजाची इतकी बालंबाल खात्री झालेली आहे कीं, सरळ मार्गानें, घाम गाळून चार पैसे जादा मिळविणाऱ्या मनुष्यासाठीं भाषेनें चांगलासा शब्दच राखून ठेविलेला नाहीं. 'जोडधंदा' म्हणावें तर डोळ्यांपुढें कोंबड्या आणि शेळ्या उभ्या राहतात. 'मजुरी' म्हणावें तर ऐकणारा आपल्या प्रकृतीची व मुलांच्या वर्तणुकीची हळूच चौकशी करूं लागतो. तेव्हां उतारवयांत, अमेरिकेंत, चाकांवरच्या घरांत राहून आम्हीं उभयतांनीं जी मिळकत केली तिला नांव काय द्यावें हें कोडें आम्हांस अद्याप सुटलेलें नाहीं. पुण्याच्या आप्तांनीं तें आपल्या परीनें सोडविलें, आणि आम्हीं त्यांस सोडवूं दिलें. पण ती हकीकत पुढें येईल.

ओहायो संस्थानांत बेचाळीस वर्षें यंत्रांचे आराखडे काढून आम्ही 2016 सालीं नोकरींतून मोकळे झालों. दुसऱ्या वर्षीं राहतें घर विकलें आणि एक जुनी, चोवीस फूट लांबीची घरगाडी घेतली. तिकडे तिला आर. व्ही. म्हणतात. पुढें इंजिन, मागें शेगडी, मोरी, शौचकूप, बिछाना आणि पुस्तकांची एक फळी. 'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आमच्या आजीच्या तोंडीं नेहमीं निंदेच्या सुरांत येत असे. तीच आम्हीं साठी उलटल्यावर हौसेनें अंगावर घेतली. मुलाला वाटलें, वडिलांना चळ लागला. सौभाग्यवतीला वाटलें, चार महिन्यांत हौस फिटेल. दोघांचाही अंदाज चुकला.

घरगाडी ही वस्तु उभी असली म्हणजे स्वस्त व चालूं लागली म्हणजे महाग. गॅलनभर पेट्रोलांत आमची गाडी नऊ मैल जाई. वारा समोरून असला तर आठच. पहिल्याच वर्षीं तिची गिअरपेटी निकामी झाली आणि दुरुस्तीस अडतीसशें डॉलर पडले. निवृत्तिवेतन रोजच्या खर्चास पुरत होतें. शिल्लकही होती, परंतु शिल्लक ही हात न लावण्यासाठीं असते, अशी आमच्या पिढीची धर्मश्रद्धा. तेव्हां कामाची चौकशी आरंभिली.

चौकशीअंतीं जें कळलें त्यानें आम्ही थक्क झालों. घरगाडींत राहून हंगामी कामें करीत हिंडणाऱ्यांचें एक निराळें राष्ट्रच त्या देशांत आहे. त्यांच्यासाठीं 'वर्कॅम्पर न्यूज' नांवाचें नियतकालिक 1987 सालींच निघालें होतें. जुलैच्या चौथ्या तारखेपूर्वीं फटाक्यांचीं दुकानें, ऑक्टोबरांत भोपळ्यांचे बाजार, डिसेंबरांत नाताळचीं झाडें, टेक्सासच्या तेलक्षेत्रांत फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची रात्रंदिवस नोंद! ॲमेझॉन कंपनीनें 2008 सालापासून नाताळच्या गर्दीसाठीं खास घरगाडीवाल्यांची भरती चालविली होती. या लोकांना पत्ता नसतो, आणि पत्त्यावांचून सरकार कोणासच ओळखीत नाहीं; म्हणून पुष्कळ जण साउथ डकोटा संस्थानांत एक रात्र मुक्काम करून तेथील रहिवासी होतात, टपाल झेलणाऱ्या एखाद्या पेढीचा पत्ता घेतात, आणि पुन्हां दीर्घकाळ तिकडे फिरकत नाहींत. त्या संस्थानांत प्राप्तीवर कर नाहीं, हें या प्रेमाचें आणखी एक कारण. आम्हींही तसेंच केलें. ज्या गांवीं आम्ही एकदांच निजलों तें आमचें गांव झालें.

आमचें पहिलें काम कोलोराडोंतील एका सरकारी अरण्यांत, तंबू ठोकण्याच्या मैदानाचे राखणदार म्हणून. साल 2018, हंगाम उन्हाळ्याचा. गाडी उभी करण्यास फुकट जागा, पाणी, वीज, आणि वर ताशीं थोडें वेतन. उतरलेल्या लोकांनीं लोखंडी पेटींत टाकलेलीं शुल्काचीं पाकिटें काढून हिशेब लिहावयाचा, सरपण विकावयाचें, चुलाण्यांतील राख उपसावयाची, रात्रीं दहानंतर गाणाऱ्यांस गप्प बसवावयाचें, आणि रोज सकाळीं सहा शौचकूप धुवावयाचे.

या शेवटच्या कामापाशीं लेखणी थोडी अडखळते. आमचे वडील श्रीरामपुरास प्राथमिक शिक्षक होते. सफाईचें काम करूं द्यावें म्हणून आप्पासाहेब पटवर्धनांनीं 1932 सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत उपोषण केलें, ही गोष्ट ते आम्हां भावंडांस दाटल्या कंठानें सांगत. ऐकतांना आमच्याही डोळ्यांत पाणी येई. परंतु त्याच वेळीं आमच्या घराच्या मागल्या दारानें रोज कोण येई, डोक्यावरून काय घेऊन जाई, आणि त्याच्याशीं वडील कधीं दोन शब्द बोलले काय, हा प्रश्न आम्हांस साठ वर्षांनीं, कोलोराडोंत, हातांत कुंचा असतांना पडला. पहिल्या दिवशीं आम्हीं नाकाला रुमाल बांधला. चौथ्या दिवशीं तो सुटला. सौ.नें कधीं बांधलाच नव्हता. 'घरीं चाळीस वर्षं मीच धुत होतें,' एवढेंच ती म्हणाली.

त्याच उन्हाळ्यांत दुसऱ्या एका मैदानाच्या चालकाचें पत्र आलें. 'जोडपें पाहिजे' असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. काम दोघांनीं करावयाचें, वेतन एकाचें, आणि दुसऱ्याच्या श्रमाबद्दल जागेचें भाडें माफ. सौ.नें तें पत्र दोनदां वाचलें.

'म्हणजे आपण दोघं मिळून एक कोयता,' ती म्हणाली.

ती राहुरीकडची. आम्हां दोघांचेंही बालपण उंसाच्या मुलखांत गेलेलें. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आमच्या जन्माच्या सुमारास उभा राहिला, आणि आम्हांस कळूं लागलें तेव्हांपासून दिवाळी झाली कीं पाथर्डीकडून, बीडकडून बैलगाड्यांची रांग येतांना पाहण्यास आम्ही पोरें रस्त्यावर जमत असूं. गाडींत भांडींकुंडीं, दळणाचें गाठोडें, एखादी म्हातारी, मागें बांधलेली शेळी, झोळींत मूल. माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. मुकादम पावसाळ्यांत उचल देऊन टोळी बांधी, व ती उचल फिटेपर्यंत टोळीनें ऊंस तोडावयाचा. त्या हिशेबांत नवरा-बायको अशीं दोन माणसें नसतच. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणार, आणि दोघें मिळून एक कोयता. पैसे अर्थात् नवऱ्याच्या हातीं. पहांटे तीनला बैलांच्या घुंगरांचा आवाज येई, आणि आमची आई आम्हांस अभ्यासाला उठवी: 'बैलसुद्धां कामाला गेले, तुम्ही लोळत काय पडलां?' बैलांबरोबर माणसेंही गेलीं होतीं हें तिच्या बोलण्यांत कधीं आलें नाहीं. त्या माळावरच्या संसाराला आम्ही बिऱ्हाडही म्हणत नसूं. त्याला 'तळ' म्हणत.

तें जोडप्याचें काम आम्हीं नाकारलें. तें नाकारणें आम्हांस परवडलें, हें येथेंच नमूद करून ठेवितों.

ऑक्टोबरांत मात्र साखरेनेंच आम्हांस बोलाविलें. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या संस्थानांच्या सीमेवरून रेड नदी उत्तरेस, कॅनडाकडे वाहत जाते. तिचें खोरें म्हणजे हिमयुगांतील एका विस्तीर्ण सरोवराचा तळ. परातीसारखें सपाट, आणि माती अशी काळीभोर कीं सौ.नें गाडींतून उतरून ती मुठींत घेऊन पाहिली. तेथें बीट पिकतें. कोशिंबिरीचें तांबडें बीट नव्हे. पांढरट, ओबडधोबड, किलो-दीड किलोचें मूळ, ज्यांत शेंकडा सोळा-सतरा साखर असते. तेथील कारखानेही शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचे आहेत हें कळलें तेव्हां आम्हांस उगाच माहेरीं आल्यासारखें वाटलें. 

काम बारा तासांच्या पाळीचें. शेतांतून ट्रक येतात व यंत्रांत बीट ओततात. यंत्र माती झाडून ती त्याच ट्रकांत परत टाकतें, आणि बीट एका लांब सोंडेनें ढिगावर फेंकतें. ढीग दुमजली घराएवढा उंच होतो आणि आगगाडीसारखा लांबत जातो. आम्हीं ट्रकवाल्यास खुणा करावयाच्या, सांगितलेल्या ट्रकांतून नमुन्याची पिशवी भरून तिला चिठ्ठी जोडावयाची, व सांडलेलें बीट फावड्यानें लोटावयाचें. आम्हांस रात्रीची पाळी मिळाली. दिव्यांच्या झोतांत धूळ, कानांत यंत्राची घरघर, पायांत दोन-दोन मोजे. आणि पहांटे चारच्या सुमारास थंडी अशी कीं फावड्याचा दांडा हाताला चिकटल्यासारखा वाटे. तिसऱ्या रात्रीं आमचीं बोटें मिटेनात. सौ.नें तीं गरम पाण्याच्या पेल्याभोंवतीं एकेक करून मिटविलीं व आम्हांस पुन्हां उभें केलें.

हें काम दोन आठवड्यांचेंच कां, आणि आपल्याकडचें पांच-सहा महिन्यांचें कां, याचा उलगडा आम्हांस तेथें झाला. ऊंस तोडला कीं त्यांतील साखर त्या घटकेपासून उतरूं लागते. चोवीस तासांच्या आंत तो गाळला गेला तर बरा. म्हणून तोड कारखान्याच्या भुकेप्रमाणें रोजच्या रोज, सबंध हंगामभर चालवावी लागते. बीट मात्र जमिनींतून काढून त्याचा ढीग घातला कीं उत्तरेच्या थंडींत तें गोठून राहतें, आणि कारखाना तें वसंतापर्यंत सावकाश खात बसतो. ऊन वाढून मुळाचा गाभा तापला तर तेथें काम थांबवितात, कारण गरम बीट ढिगांत कुजतें. मजुराला विश्रांति मिळते ती बिटाच्या प्रकृतीसाठीं! दोन आठवडे कोणीही म्हातारा दम धरूं शकेल. आम्हीं तो धरला याचें श्रेय आमचें नाहीं, बिटाचें आहे.

हंगाम आटोपला व धनादेश आले. दोघांचे मिळून चार हजार डॉलरांच्या आसपास. म्हणजे गिअरपेटीची भरपाई झाली. पण सांगावयाची गोष्ट ती नव्हे. धनादेश दोन होते. सौ. 1978 सालीं अमेरिकेंत आली तेव्हां कायद्यानें तिला काम करतां येत नव्हतें. परवानगी आली तेव्हां मुलगा लहान होता. मुलगा मोठा झाला तोंवर आमची आई आमच्याकडे येऊन अंथरुणाला खिळली. तिच्या नांवानें पहिला पगार निघाला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं. आंकडा आमच्याहून अकरा डॉलरांनीं अधिक होता, कारण एके रात्रीं आम्ही उशिरां पोंचलों होतों व ती वेळेवर गेली होती. तीन दिवस तिनें तो बँकेंत टाकला नाहीं. फळीवर ज्ञानेश्वरीला टेंकून उभा करून ठेविला होता.

आतां पुण्याची हकीकत. त्याच दिवसांत थोरल्या बंधूंचा दूरध्वनि आला. 'सध्यां मुक्काम कोठें?' 'एका साखर कारखान्यावर.' 'अस्सं! सल्लागार म्हणून?' आम्हीं क्षणभर थांबलों आणि म्हणालों, 'तसंच कांहींसं.' हें 'तसंच कांहींसं' महिन्याभरांत सदाशिव पेठेंतून कोथरूडपर्यंत पोंचलें. एका पुतण्यानें इथेनॉलविषयीं चार ओळी लिहून पाठवा म्हणून विनंती केली. लाज वाटली ती खोटें बोलल्याची कीं खरें काम केल्याची, हें तेव्हां आम्हांस स्वतःलाच नीट सांगतां आलें नसतें.

मुलगा मात्र फसला नाहीं. त्यानें जेसिका ब्रूडर यांचें 2017 सालीं प्रसिद्ध झालेलें 'नोमॅडलँड' वाचलें होतें. ज्या पुस्तकावरून पुढें चित्रपट निघाला तेंच. त्यांत बीट आहे, गोदामें आहेत, आणि घरभाडें न परवडल्यामुळें गाडींत राहूं लागलेलीं वृद्ध माणसें आहेत. 'बाबा, त्या लोकांना दुसरा मार्ग नव्हता. तुम्हांला पैसे हवे असतील तर मी पाठवतों.' आम्हीं हंसून उत्तर दिलें कीं, आम्ही हें गंमत म्हणून करतों. उत्तर आमचें आम्हांसच फार आवडलें, आणि पुढें तें आम्ही जेथें-तेथें देऊं लागलों.

2019 च्या उन्हाळ्यांत सौ.नें एका मराठी वृत्तपत्रांत बीड जिल्ह्याची बातमी वाचली. ऊंसतोडीस जाणाऱ्या पुष्कळ स्त्रियांनीं तरुण वयांतच गर्भाशय काढून घेतले होते. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड पडे, हें त्यामागचें एक कारण सांगितलें जात होतें. तिनें बातमी आम्हांस वाचून दाखविली नाहीं, फोन तसाच पुढें केला. त्या वर्षीं बिटाच्या कामास जावें कीं नाहीं हेंही तिनें विचारलें नाहीं. आपला अर्ज आपण भरला, व आमचा आम्हांस भरण्यास सांगितलें.

तो हंगाम बुडाला. सप्टेंबरांत पाऊस लागला तो थांबेना. ऑक्टोबरांत त्यावर बर्फ पडलें. शेतांत ट्रक रुतूं लागले, तोड बंद पडली. काम केलें तेवढ्याच तासांचा पैसा. चिखलांत बसून राहण्याचा नाहीं. आमच्या शेजारीं एका जुन्या व्हॅनमध्यें त्र्याहत्तर वर्षांची एक विधवा बाई राहत होती. एके दुपारीं सगळेच एका छपराखालीं कॉफी पीत आभाळाकडे पाहत बसलों असतां आम्हीं आपलें ठेवणींतलें वाक्य काढलें. पाऊस पडो कीं बर्फ, आम्हांस काय त्याचें! आम्ही गंमत म्हणून येतों.

ती बाई हंसली नाहीं. रागावलीही नाहीं. 'छान,' असें म्हणून ती उठली आणि उरलेली कॉफी पेल्यासकट घेऊन आपल्या गाडीकडे गेली. ती जात असतां तिच्या गाडीचीं मागचीं चाकें आमच्या दृष्टीस पडलीं. तीं अगदीं गुळगुळीत झालेलीं होतीं, आणि तीं चाकें बदलण्यासाठींच ती तेथें आलेली होती.

'अहो,' रात्रीं सौ. म्हणाली, 'तळावर येऊन कोणी असं बोललं असतं तर?'

आम्हीं टायरांचे पैसे उसने देऊं केले, तिनें नाकारले. देण्याची पद्धत आमची चुकली असावी, असें आतां वाटतें. सल्लागाराच्या थाटांत दिले असतील. सौ.ची रीत निराळी. बाईच्या जाड कोटाची चेन तुटली होती, सौ.नें तो मागून आणला व आपल्या यंत्रावर नवी चेन बसवून दिली. दुसऱ्या दिवशीं आमच्या गाडीच्या कांचेवर पांच डॉलरांची नोट अडकविलेली. सौ.नें ती परत नेऊन दिली. संध्याकाळीं नोट पुन्हां कांचेवर. असें दोनदां झालें. तिसऱ्या खेपेस सौ.नें ती ठेवून घेतली. त्या वर्षीं खोऱ्यांतील पुष्कळसें बीट जमिनींतच राहिलें व जमिनींतच गोठलें. सगळे आपापल्या वाटेनें दक्षिणेकडे निघालों.

ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइट हें वाळवंटांतलें गांव उन्हाळ्यांत ओस असतें, आणि हिंवाळ्यांत तेथें घरगाड्यांची जत्रा भरते. आदल्या वर्षीं तेथील सरकारी जमिनीवर सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहण्याचा परवाना आम्हांस 180 डॉलरांत मिळाला होता. पाणी आपलें आपण आणावयाचें, वीज सूर्यापासून घ्यावयाची. 2020 च्या जानेवारींत आम्ही पुन्हां तेथें गेलों, तों बाजारांत ती बाई! मागचीं दोन चाकें जुनींच, पण खांचा असलेलीं. नाताळचीं झाडें विकून तिनें तीं मिळविलीं होतीं. बाजारांत टेबल भाड्यानें घेऊन, विक्रीकराचा कागद रीतसर काढून ती रंगीत दगड विकत बसली होती. तिनें अर्धें टेबल सौ.ला देऊं केलें, अर्ध्या भाड्यांत, सौ.च्या नांवाचा कागद काढावयास स्वतः बरोबर गेली. आणि तिसऱ्या दिवशीं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत दरही तिनेंच लिहिले. चेन बदलणें, बारा डॉलर. पडदा शिवणें, आठ.

बारा डॉलर ऐकून सौ. दचकली. एवढे कसे घ्यावयाचे, आपण तर वेळ जावा म्हणून बसणार, असें ती म्हणूं लागली. बाईनें पुठ्ठ्यावर बोट ठेवलें.

'गंमतीचा दर मीं लिहिलेला नाहीं,' ती म्हणाली, आणि आमच्याकडे तिनें पाहिलेंही नाहीं.

दुपारपर्यंत चार गिऱ्हाइकें झालीं. कोणीं घासाघीस केली नाहीं. पांचवें गिऱ्हाईक फाटका तंबू घेऊन उभें असतांना पुण्याहून बंधूंचा फोन आला. सौ.चे हात गुंतलेले, म्हणून आम्हीं तो तिच्या कानाशीं धरला, आणि बंधूंनीं आपला नेहमींचा प्रश्न तिला विचारला. आम्हीं मान हालवून खूण केली; ती तिनें पाहिली असावी.

'हे बीट लोटत होते, भाऊजी, फावड्यानं,' ती म्हणाली. 'मीसुद्धां. आणि आतां बाजारांत शिवायला बसलें आहें.'

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग बंधूंनीं घसा खांकरला.

'ताशीं किती मिळतात?'

'तासावर नाहीं, नगावर,' सौ. म्हणाली, आणि तंबूचें कापड यंत्राखालीं सरकवीत तिनें मानेनेंच आम्हांस फोन बाजूला घेण्यास सांगितलें.